पोरीला माया ठेवली नाही

कात्री आपटली तर धार जाते, एवढं भान मास्तरला तेव्हाही होतं. म्हणून तिने फोन आपटला. टेबलावर हॉस्पिटलच्या कोटांचं हिरवं कापड वीस थर अंथरलेलं होतं, त्यामुळे फोनचं काही बिघडलं नाही, आणि त्याचाही तिला राग आला.

फोनवर मुलीचा मेसेज होता. "वाचलं. रविवारी येत नाही." बस. ना आई, ना कशी आहेस.

मास्तर ही बाई आहे, हे सांगून टाकायला हवं. कपडे शिवायच्या कारखान्यात कापड कापणाऱ्याला मास्तर म्हणतात, आणि गेली तीस वर्षं तिथे हीच कापत होती. राग नाकाच्या शेंड्यावर, हात मात्र सरळ. मुलीच्या लग्नाला चार वर्षं झाली. लग्नाला मास्तर गेली नव्हती. ऑर्डर होती. कोणी विचारलं की ती एवढंच सांगे, आणि तिचं तोंड बघून पुढे कोणी विचारत नसे. नात तीन वर्षांची झाली तरी आजीने तिला फक्त फोनवर पाहिलेलं. आता कुठे महिनाभर फोनाफोनी होऊन मायलेकी रविवारी येणार होत्या. मास्तरने नातीसाठी फ्रॉकही शिवून ठेवला होता. अंदाजाने, कारण माप विचारायची हिंमत झाली नव्हती.

"काय वाचलं हिने?" तिने काजवालीला विचारलं.

काजवाली शेजारच्या मशीनवर कोटांना काजं करायची. मान वर न करता ती म्हणाली, "वरच्या बाईने टाकलंय ना ग्रुपवर. तुझी वीस उत्तरं. मी सकाळीच वाचली. हसताना एक काज वाकडं गेलं माझं."

वरची बाई म्हणजे चष्मेवाली. वरच्या मजल्यावर दाताचा दवाखाना होता, तिथे ती पेशंटांची नावं लिहून घ्यायला बसायची. तिघींची मैत्री जुनी. शनिवारी अर्धा दिवस भरला की पॅकिंगच्या खोलीत खोक्यांवर बसून चहा व्हायचा. गेल्या शनिवारी चष्मेवालीने कुठूनतरी वीस प्रश्नांची यादी आणली होती. मैत्रिणींना नीट ओळखण्यासाठी म्हणे.

"पंधरा वर्षं ओळखतेस की मला," मास्तर म्हणाली होती.

"ओळखते. पण विचारलं कुठे कधी?"

मग मास्तरही रंगात आली. विचित्र सवय कोणती? बसमध्ये पुढच्या माणसाची कॉलर मुडपलेली दिसली की हात शिवशिवतात. दोनदा सरळ केली, एकदा शिव्या खाल्ल्या. भीती कशाची वाटते? सरकत्या जिन्याची. एकटीच असताना कोणाशी बोलतेस? कापडाशी, पण फक्त रेशमाशी. सुती कापड कोणाच्या बापाचं ऐकत नाही. असं करत गाडी शेवटच्या प्रश्नावर आली. आयुष्यात कशाची चुटपुट लागून राहिली आहे?

मास्तरने कपात बघितलं. मग म्हणाली, "पोरीला कधी माया ठेवली नाही."

काजवाली फिसकन हसली. चष्मेवालीने चष्मा काढून डोळे पुसले. तीही हसतेय, असंच मास्तरला वाटलं.

शिवणाऱ्यांची माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड. वाढत्या अंगाच्या पोरांना ती भरपूर ठेवायची, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून कपडा मोठा करता येतो. मास्तर मुलीचे फ्रॉक मात्र अगदी मापात कापायची, कारण पोर कशी चित्रासारखी दिसली पाहिजे. सहा महिन्यांत फ्रॉक काखेत काचायला लागायचा आणि पोर हात वर करायलाही रडायची. मास्तरची चुटपुट ती. यात न कळण्यासारखं काय होतं?

तिने ग्रुप उघडला. विसावं उत्तर शब्दाला शब्द तसंच होतं, आणि त्याखाली चष्मेवालीने स्वतःची अक्कल पाजळली होती. "आमची मास्तर वरून दगड. पण बघा, आईपणाचं एवढं मोठं दुःख किती मोकळेपणाने बोलली. मी हे तिच्या लेकीलाही पाठवलं आहे."

मास्तरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गळ्यातली टेप तशीच ठेवून ती जिना चढली.

दवाखान्यात पाच पेशंट गाल धरून बसले होते. चष्मेवाली एका आजोबांना त्यांचं वय विचारत होती.

"माझ्या पोरीला काय पाठवलंस तू?" मास्तरचा आवाज आतल्या खुर्चीपर्यंत गेला असणार, कारण आतलं मशीन थांबलं.

"हळू बोल. काय झालं?"

"ती येत नाहीये. तुझ्यामुळे. मी कापडाबद्दल बोलत होते, कापडाबद्दल! माया म्हणजे शिवणीतलं कापड. कारखान्याच्या डोक्यावर पंधरा वर्षं बसलीस आणि एवढं कळत नाही तुला?"

चष्मेवालीचा चेहरा पडला. "मला वाटलं, तू मन मोकळं केलंस. घरी जाऊन रडले गं मी. म्हटलं, हिच्या तोंडून इतक्या वर्षांनी निघालंय, लेकीपर्यंत पोचलं पाहिजे."

"नसत्या उठाठेवी सांगितल्यात कोणी? माझ्या मायेचं मी बघेन."

"मावशी, दात माझा दुखतोय," एक पेशंट म्हणाला. मास्तरने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने गालावरचा हात काढला.

चष्मेवालीने मुकाट्याने फोन उचलला. "चूक माझी आहे. मीच सांगते तिला, तुझ्यासमोर." तिने नंबर लावला, आवाज मोठा केला आणि घाईघाईने सांगायला लागली. गैरसमज झाला, आई शिवणकामाबद्दल बोलत होती, माया म्हणजे ते आतलं कापड, मला मेलीला काय ठाऊक, तू मनावर घेऊ नकोस, रविवारी ये.

मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, तुमचं काही चुकलं नाही. आईला द्या."

मास्तर फोन घेऊन जिन्यात आली. चष्मेवाली काळजीने मागोमाग आली. "झालं ना स्पष्ट?" मास्तर फोनवर म्हणाली. आवाजातला ताव अजून उतरला नव्हता. "आता येशील?"

"आई, माया लावतात. ठेवतात ती कपड्याला. तुझ्या टेबलाखाली चिंध्यांत खेळत मोठी झाले मी, मला कळणार नाही? वाचलं तेव्हाच कळलं, तू फ्रॉकबद्दल बोलतेयस."

"मग राग कसला आला?"

"त्याचाच आला. कशाची चुटपुट आहे, असं तुला कोणीतरी विचारलं. तू लग्नाला आली नाहीस. बाळ झालं तेव्हा आली नाहीस. दवाखान्यात मी दरवाजाकडे बघत होते. आणि तुला काय आठवलं? फ्रॉक."

मास्तरला कोणावर तरी ओरडायचं होतं. समोर चष्मेवाली उभी होती, पण तिच्यावर ओरडायला आता तोंड कुठे होतं? चष्मेवालीने न समजून का होईना, मास्तरला बरी आई ठरवलं होतं. आणि मास्तरने तावातावाने वर येऊन, पाच पेशंटांच्या साक्षीने, तो बरेपणा तिला परत केला होता. मास्तरने हातानेच तिला आत जायला सांगितलं. ती गेली.

"लग्नाला का आली नाहीस?" मुलीने विचारलं.

चार वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. इतरांनी विचारलं, तिने नाही.

"ऑर्डर होती."

"आई."

जिन्याच्या कठड्याला कोणीतरी च्युइंगम चिकटवलं होतं. मास्तर ते नखाने खरवडत राहिली. ते निघेना.

"राग आला होता मला," ती म्हणाली. "सगळं ठरवून झाल्यावर तू मला तारीख सांगायला आलीस. पाहुण्याला सांगतात तशी. मी म्हटलं, जा मग, पाहुण्यांबरोबर कर."

"ठरवायच्या आधी सांगितलं असतं तर तू मोडलं असतंस."

"मोडलंच असतं."

"मग?"

"मग काय मग. तरी राग आला. आणि नंतर लाज वाटायला लागली. म्हणून बाळाच्या वेळी नाही आले. कोणत्या तोंडाने येणार होते?"

पलीकडे नात काहीतरी मागत होती. मुलगी तिला थांब म्हणाली.

"अजून आहे राग?" तिने विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. नाही गं, संपलं सगळं, असं म्हटलं असतं तर रविवार कदाचित पदरात पडला असता. मास्तरच्या ओठांवर ते आलंही.

"आहे," ती म्हणाली.

"मलाही आहे. खूप आहे. एका फोनमध्ये संपणार नाही एवढा."

खाली कारखान्यात काजवालीचं मशीन सुरू झालं. हिरवं कापड तसंच पडलं होतं, आणि कोट संध्याकाळच्या आत कापून द्यायचे होते. मास्तर जिन्याच्या पायरीवर बसली.

"बोल," ती म्हणाली. "मी ऐकते."

मुलीने नातीला दुसऱ्या खोलीत पाठवलं. मग बोलायला लागली.