एक कवडी कमी

"धावजी, काचेले नाक लावू नको," भगवानराव मास्तर मागून म्हणाले. "हात लावू नये म्हणून लिहिलं हाय तिथं. तुले वाचता येते न आता?"

मी मागे सरकलो. काचेवर माझ्या श्वासाची वाफ बसली होती, ती धोतराच्या सोग्यानं पुसली. आत माझ्या बायकोचा, रामीचा, रुमाल टांगलेला होता.

आम्ही सतरा माणसं होतो. गाव आणि तांडा मिळून प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलो, सगळ्यांना सही करता येऊ लागली, म्हणून सरकारनं आम्हाला सहल दिली होती. पुसदहून एस.टी.नं निघालो, वाटेत दोन ठिकाणी गाडी बदलली आणि तिसऱ्या दिवशी समुद्रकाठच्या त्या शहरात उतरलो. किल्ला पाहिला. राजवाडा पाहिला. दीपगृहाच्या पायऱ्या चढताना गावच्या डोमाजीनं मोठ्यानं पायऱ्या मोजल्या आणि वर जाऊन आकडा विसरला. समुद्र पाहून म्हातारी माणसंसुद्धा ओरडली. मी ओरडलो नाही. मी वस्तुसंग्रहालय कधी येते त्याची वाट पाहत होतो.

रुमाल म्हणजे हातभर चौकोनी कापड. चहूबाजूंनी कवड्या, मध्ये लाल-पिवळं भरत, काचेच्या टिकल्या. आमच्या तांड्यात नवरी सासरी निघते तेव्हा डोक्यावर पाण्यानं भरलेल्या दोन घागरी घेऊन वेशीपर्यंत चालते. त्या घागरींवर हा रुमाल टाकतात. रामीच्या आईनं तो तीन पावसाळे शिवला. रामी त्याच्याखालून चालली. आता वैशाखात आमची चंदा चालायची होती.

तीन वर्षांपूर्वी जीपमधून एक साहेब आणि एक बाई तांड्यात आले. प्रदर्शनाला रुमाल पाहिजे म्हणाले, मग परत पाठवू म्हणाले. एका कागदावर रामीचा अंगठा घेतला आणि त्याची नक्कल तिला दिली. तांड्यात वाचणारं कोणी नव्हतं. पण आमच्याकडे एक रीत होती. लग्नासाठी कोणाला कवड्यांची वस्तू दिली, की मालकीण त्यातली एक कवडी कापून आपल्याजवळ ठेवते. वस्तू परत आली की घेणारीच्या समोर ती कवडी पुन्हा टाचते, तेव्हा व्यवहार संपतो. रामीनं त्या बाईसमोर विळ्यानं कोपऱ्यातली कवडी कापली. बाई हसली, मान हलवली. रामीला वाटलं, बाईला समजलं.

अक्षरं लागायला लागली तसा मी पहिल्यांदा ती नक्कलच पेटीतून काढली. वाचायला दोन दिवस लागले. 'ही वस्तू मी स्वखुशीने संग्रहालयास कायमची भेट देत आहे.' खाली याच शहरातल्या संग्रहालयाचं नाव होतं. रामीला वाचून दाखवलं. तिनं परत एकदा वाचायला लावलं.

"कागद त्यायचा हाय," ती म्हणाली. "कवडी माही हाय." आणि सहलीला निघताना चिंधीत बांधून ती कवडी माझ्या हातात दिली.

रुमालाखाली पाटी होती. मी बोट न लावता वाचली. 'बैलाच्या पाठीवर घालावयाची झूल. लमाण जमात.'

डोमाजी माझ्या खांद्यावरून वाचत होता. तो खो-खो हसला. "अबे धावजी, तुह्या सासूनं बैलासाठी शिवलं व्हय हे? का तुले पाहूनच लिहिलं त्यायनं?"

"तोंड बंद कर, डोमाजी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि खरंच बंद केलं. मग तोच मास्तरांकडे गेला आणि म्हणाला, "गुरुजी, याले इथल्या साहेबाले भेटवा. याचं काम हाय."

मास्तरांची इच्छा नव्हती. पण डोमाजी आवाज चढवील या भीतीनं ते मला घेऊन गेले. हा साहेब जीपमधला नव्हता, चांगला माणूस निघाला. पांढरे केस, बोलणं मऊ. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. मी चिंधी सोडून कवडी टेबलावर ठेवली. तिला अजून लाल दोऱ्याचा तुकडा चिकटून होता.

साहेबानं जाड वही काढली, पान शोधलं. "हे पाहा, लिहिलेलंच आहे. 'एक कवडी कमी.'" त्याचा चेहरा उजळला. "तुम्ही एवढ्या लांबून ही घेऊन आलात? फार चांगलं केलंत. आता वस्तू पूर्ण होईल."

त्यानं कवडी उचलली आणि उजेडात धरली.

"साहेब, रुमाल द्या," मी म्हणालो. "कवडी घरी लावतो. माही बायको लावते."

त्याला आधी कळलंच नाही. मग मास्तरांनी समजावलं, चार वेळा माफी मागत. साहेबानं एक फाइल काढली. त्यात रामीचा अंगठा होता. मोठा, पसरलेला, सारवताना शेणात बोट उमटतं तसा.

"ही भेट आहे, बाबा. परत देता येत नाही."

"तिले वाचता येत नोतं."

"पण अंगठा तिचाच ना?"

"हो."

"मग?"

याचं उत्तर वर्गात कोणी शिकवलं नव्हतं. मी म्हणालो, "लेकीचं लगन हाय वैशाखात. चार रोज तरी द्या. मी सोता आणून देतो. मास्तर जामीन राह्यतीन."

मास्तर जमिनीकडे पाहू लागले.

"नोंद झालेली वस्तू बाहेर जात नाही," साहेब म्हणाला. त्यालाही वाईट वाटत असावं. "असं करा, लग्न झाल्यावर मुलीला आणि जावयाला घेऊन या. मी स्वतः काच उघडून दाखवीन."

मी चहा तसाच ठेवला. "मंग ते बैलाचं तरी काढा. नवरीच्या डोक्यावरचं हाय ते. घागरीवरचं."

"असं? मग सांगा ना!" त्यानं झटकन पेन्सिल घेतली. "किती घागरी? कोण ठेवतं डोक्यावर? काही गाणं म्हणतात का तेव्हा?"

मी तोंड उघडलं होतं. नवरीचं रडगाणं असतं, मावश्या घागरी उचलतात, सगळं ओठावर आलं होतं. पण पेन्सिल पाहून मी थांबलो.

"दोन घागरी," मी म्हणालो. "बाकी मले ठावकं नाई."

मग हात पुढे केला. साहेबानं थोडा वेळ कवडी मुठीत ठेवली. मास्तर कानात म्हणाले, "देऊन टाक न बे. एका कवडीसाठी काहून अडून राह्यला? आपल्या गावाचं नाव होईन इथं."

"गुरुजी, कवडी देली तं व्यवहार संपते."

साहेबानं ती माझ्या तळहातावर ठेवली. पाटी बदलू म्हणाला. बदलली की नाही, मला माहीत नाही.

बाहेर डोमाजी समुद्राकडे तोंड करून भिंतीवर बसला होता. मी सांगितलं तेवढं त्यानं ऐकलं. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर त्याच्या वस्तीनं घरातले सगळे देव टोपल्यात भरून पूस नदीत सोडले होते.

"आमचं आम्ही सोताच्या हातानं सोडलं," तो म्हणाला. "म्हून आमचं काई कोनाच्या काचेत नाई."

"मले सोडाचं नोतं."

"म्हूनच तं," तो म्हणाला, आणि मला बिडी दिली.

घरी पोहोचलो तेव्हा रामी अंगण सारवत होती. माझे रिकामे हात तिनं दुरूनच पाहिले. तरी विचारलं, "पाह्यला?"

"पाह्यला."

"रंग गेला?"

"नाई. तसाच हाय."

"ऊन लागते का तिथं?"

"नाई लागत. काचेत हाय."

"कसा ठेवला? घडी करून?"

"टांगला हाय."

"सुलटा का उलटा?"

"सुलटा," मी म्हणालो. बैलाच्या पाटीचं मी तिला सांगितलं नाही. आजवर सांगितलं नाही. कवडी तिच्यासमोर ठेवली. तिनं सारवलेल्या हाताला न लागू देता ती मनगटानं बाजूला सारली आणि उरलेलं अंगण सारवून काढलं.

वैशाखात चंदाचं लग्न झालं. शेजारच्या तांड्यातल्या मथुराबाईनं आपला रुमाल देऊ केला. रामी नको म्हणाली. पुसदच्या बाजारातलं नवं छापील कापड मी आणलं होतं, तेही तिनं पेटीत टाकलं. मावश्यांनी घागरी उचलून चंदाच्या डोक्यावर ठेवल्या, उघड्याच.

वराकडची एक म्हातारी रामीपुढे आली. "काहो नवरीची याडी, घागरीवर काई नाई? आईजवळ काई नोतं का?"

सगळ्या बायांनी रामीकडे पाहिलं.

"हाय न," रामी म्हणाली. "शहरात हाय. लोक पाहून राह्यले."

म्हातारी हसली. तिला ती थट्टा वाटली.

चंदा चालू लागली. उन्हात पितळेकडे पाहवत नव्हतं. झाकण नसल्यानं दर पावलाला पाणी हिंदकळत होतं आणि तिच्या कपाळावरून, मानेवरून, नव्या कांचळीत उतरत होतं. दोन्ही हातांनी घागरी धरलेल्या होत्या, म्हणून ते तिला पुसता येत नव्हतं. वेशीपर्यंत ती तशीच गेली, आणि ती रडते आहे की नाही, ते कोणालाच कळलं नाही.