उसनी पोरं

पारिसा मास्तरांनी आयुष्यात कुणाकडून काही उसनं घेतलं नाही, पोरं सोडून. निपाणी भागातल्या मास्तरांची ती रीतच होती. माघात तंबाखूची काढणी लागली की पोरं आईबापांमागं रानात जात, आणि दिपोटीसाहेबांची तपासणी नेमकी तेव्हाच येई. मग शेजारगावचा मास्तर आपली उरलीसुरली पोरं गाडीत घालून पाठवी. दोन गावची मिळून एक शाळा भरे. साहेब खूश, मास्तर सुखरूप.

पुढं तालुक्याच्या शिक्षक संघानं जिल्ह्याच्या स्कूल बोर्डाकडं मागणी केली, मेची सुट्टी माघात द्या, म्हणजे पोरांचं शिक्षण बुडणार नाही. बोर्डाचं उत्तर आलं, तपासणीत माघातही शाळा भरलेल्याच दिसतात, तेव्हा गरज नाही. शेवटी सभेत संघाचे चिटणीस म्हणून पारिसा मास्तरांनीच ठराव मांडला, यंदा कुणी कुणाला पोरं द्यायची नाहीत. आणि पहिली तपासणी आली ती त्यांच्याच शाळेवर.

शाळा ओस दिसली तर बदली ठरलेली. घरी आई डोळ्यांनी अधू. रोज सकाळी एकटी चाचपडत जैनांच्या बस्तीत देवदर्शनाला जाई, ती याच गावात. दुसऱ्या गावात तिला उंबरासुद्धा सापडला नसता.

तपासणीच्या सकाळी शेजारगावचा भावकू मास्तर पोरांनी भरलेली गाडी घेऊन दारात हजर. ठरावाला यानंच सगळ्यांत आधी हात वर केला होता.

"ठराव ऱ्हाऊ दे. आईकडं बघ आन घे बसवून," तो म्हणाला.

खोटं कशाला बोला, घ्यावीत असंच मास्तरांना वाटलं.

"न्हाय रं भावकू. आज घेतली तर पुन्ना सुट्टी मागाय तोंड ऱ्हायचं न्हाय."

साहेबांनी रिकामी शाळा बघून कडक शेरा मारला. मास्तरांची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला लोंढ्याला झाली, हिवतापाच्या रानात. आई बहिणीपाशी गावातच राहिली. बाकीच्या मास्तरांनीही मग आपापल्या रिकाम्या शाळा तशाच दाखवल्या. एवढ्या सगळ्यांना कुठं कुठं धाडणार? बोर्ड नमलं.

पुढच्या मेमध्ये भावकू रजा काढून रेल्वेनं लोंढ्याला आला, हातात करवंदांचा द्रोण. गावच्या शाळेत आता पोरं मावत नाहीत आणि आई रोज बस्तीला जाते, हे त्यानं आल्या आल्या सांगितलं. मास्तरांना भरून आलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

भावकूनं शाळेत डोकावून पाहिलं. आत कुणीच नव्हतं.

"तुजी पोरं कुटं हैत रं?"

"सुट्टी सगळ्या जिल्ह्याला माघातच मिळाली न्हवं? हितं माघात कुणाला काम न्हाय. मेमधी समदी टेसनावर करवंदं इकत्यात. तू घेतलीस ती माज्याच पोरांकडनं."

भावकूनं द्रोण खाली ठेवला.

"आन तपासणी?"

"परवा हाय. शेजारचा मास्तर पोरं देतो म्हणत होता," पारिसा मास्तर म्हणाले. "नको म्हणून सांगितलंय."