मोठ्या पावाची फीत

"पोरी, सभा गाजवणाऱ्याशी लग्न करू नकोस. घरी येईपर्यंत त्याच्याजवळ आवाज उरत नाही," आई म्हणाली होती. मी हसले. शिकलेली होते ना मी!

माझा नवरा सायलस मँचेस्टरहून गावोगावी फिरतो, परदेशी गहू अडवायला जमीनदारांनी लावलेला कर उठवा म्हणून सांगत. व्यासपीठावर दोन काठ्यांना दोन पाव टांगतो. एक मोठा, कर नसता तर मजुराला मिळाला असता तेवढा. दुसरा मुठीएवढा, आज मिळतो तो. मोठा पाव भाजून त्याला हिरवी फीत बांधायची ती मीच. भाषणंही पूर्वी मीच उतरवून द्यायची. 'ज्याचा गहू खाल, त्याच्यावर तोफ डागाल?' हे त्याचं गाजलेलं वाक्य माझ्या चुलीपाशी जन्मलं.

आमची लेक टॅबिथा झाली आणि लेखणी रॉचडेलच्या मिस थर्झा ब्रुककडे गेली.

"अक्षर सुरेख आहे गं तिचं," सायलस म्हणाला.

"पावही सुरेख भाजते का?"

"तू म्हणजे आपल्या जमीनदारांच्या वरताण! बाहेरचं काही आत येऊ द्यायचंच नाही!" तो हसला आणि हसता हसता खोकला.

मागच्या सभेहून पाव परत आला तो पांढऱ्या फितीत. गाठही माझी नव्हती. मी विचारलं नाही. सायलस पुन्हा रॉचडेलला गेला तेव्हा खोकला वाढला होता, तेही विचारलं नाही.

मंगळवारी त्या सुरेख अक्षरातलं पत्र माझ्या नावे आलं. मी ते न फोडता पिठाच्या पेटीत खुपसलं. आज शनिवारी पीठ काढताना हाताला लागलं, तेव्हा फोडलं.

'ताई, तुमची हिरवी फीत मी बदलली. तिच्यावर रक्त उडालं होतं. घरी सांगू नका म्हणून त्यांनी शपथ घातली. काल पुन्हा रक्त पडलं. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. गुरुवारी मला लीड्सला जावं लागेल, मग त्यांच्याजवळ कोणी नाही. लवकर या.'

टॅबिथाला गोवर आहे, अंग तव्यासारखं तापलंय. शेजारीण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही.

तुमच्यापैकी कोणी रॉचडेलकडे निघालं असेल, तर पुलाजवळच्या विणकरांच्या खाणावळीत, माडीवरच्या त्याच्या खोलीत एवढं बघून याल? दार वाजवलंत की तो "बरा आहे" म्हणेल. ऐकू नका. आत जा.