श्रावणातल्या मुंग्या

चतुराबाईने पदर नाकाला लावला आणि गोठ्यातल्या फरशीवर वाकून पाहिलं. सासऱ्यांनी पहाटे तिथे लघवी केली होती. एकही मुंगी नव्हती.

"हायती का?" उत्तमराव ओसरीवरून ओरडले. शेजारच्यांना ऐकू जावं असंच ते रोज ओरडत. सुनेला वाकवण्याने त्यांना औषधाहून जास्त गुण येत असे.

मोंगलाईत सरकारी दवाखाना दूर हिंगोलीला; गावाचा भरवसा बंडोपंत वैद्यांवर. चैत्रात याच फरशीवर मुंग्यांची झुंबड उडाली, तेव्हा पंतांनी म्हाताऱ्याचं गोड तोडलं होतं. मुंग्या थांबल्या की पथ्य संपलं, असं बजावून गेले होते.

आता श्रावण होता. चुलीशेजारी गुळाची ढेप उघडी पडली होती आणि मुंग्यांची रांग तिला वळसा घालून दिव्याखाली मेलेले वाळवीचे किडे ओढून नेत होती. दर पावसाळ्यात हे असंच. या दिवसांत त्यांना किडे हवेत, गूळही त्या हुंगत नाहीत. मग लघवीला कशाला येतील?

हेच सांगायला ती ओसरीवर आली.

"मामंजी, मुंग्या न्हाईत, पन पावसाळ्यात त्या..."

"न्हाईत ना? मंग झालं!" उत्तमरावांनी मांडीवर थाप मारली. "आज पुरन घाल. अन् जरा ताकद आली की वारंग्याला जाऊन येतो. शकूचं सोनाजीसंगं पक्कं करून टाकतो."

सोनाजीने दोन बायका मसणात पोचवल्या होत्या. दुसरी कशाने मेली, हे तिच्या पाठीवरचे वळ पाहून अंघोळ घालणाऱ्या बायकांनी ओळखलं होतं. तिची लेक शकू दहा वर्षांची होती.

"लेकरू हाय ती, मामंजी."

"तुला कोन इचारून राहिलं? पावसाळ्याचं काय म्हनत होतीस?"

तिने पदर सावरला.

"काही न्हाई. डाळ शिजाया येळ लागतो म्हनलं."

श्रावणभर उत्तमरावांनी पुरणपोळीवर, शिऱ्यावर ताव मारला. पोळ्याला त्यांच्या पायाचा अंगठा काळा पडला होता, पाण्याचे तांबे पुरत नव्हते आणि वारंग्याला जायचं राहूनच गेलं होतं.

बंडोपंतांनी पाय पाहिला.

"सूनबाई, मुंग्या लागत होत्या का?"

"एकबी न्हाई, पंत. आज सकाळी बी बघितलं."

"मग हे गोडाचं दुखणं नाही."

खाटेवरून उत्तमरावांचा आवाज आला, "मंग पंत, गोड चालंल ना?"

"चालेल की. पोटभर खा, अंगात जोर यायला हवा."

शकूला अंगणात खेळायला पिटाळून चतुराबाई तवा ठेवायला गेली.