जांब, मरवा आणि अर्धी बाटली

लाईट गेली ती नेमकी बर्फ धरायच्या वेळेला. मे महिन्यात रेवदंड्याकडच्या वाड्यांमध्ये दुपारची लाईट जाते यात नवल काही नव्हतं. पण आज तरी जाऊ नये असं वल्लरीला सकाळपासून वाटत होतं, आणि सकाळपासून तिला जे जे वाटत होतं त्यातलं एकही होत नव्हतं. ट्रेमधले अर्धवट गोठलेले खडे तिने लेकीच्या, दिशाच्या, पाण्याच्या थर्मासात ओतले, झाकण घट्ट फिरवलं आणि फ्रीजचं दार पाठीने लोटलं. आता चारपर्यंत कोणी फ्रीज उघडता कामा नये. सासूबाईंना तसं सांगून ठेवायला हवं होतं, आणि सांगितलं की का ते सांगावं लागणार होतं.

चार वाजता आश्लेषा येणार होती. कॉलेजातली मैत्रीण, आता मुंबईची. दहा दिवसांनी ती अलिबागच्या रस्त्यावर एक छोटं रेस्टॉरंट काढत होती, बारसकट. मार्चमध्ये ती इथे राहायला आली तेव्हा वल्लरीने तिला पांढऱ्या जांबांचं सरबत दिलं होतं. त्यात गवती चहाचा पाक होता आणि वरून मरव्याची काडी. आश्लेषाने दोन पेले संपवले आणि म्हणाली, यात जिन घालून बघ, जमलं तर मी मेनूवर ठेवते. पाला आणि जांबही तुझ्याकडूनच घेईन, आणि नाव तुझं. मेनू आज रात्री छापायला जाणार होता. आश्लेषाकडे एक तास होता, पाचला तिला मांडव्याची बोट गाठायला निघायचं होतं.

बाहेरून बघणाऱ्याला ही गोष्ट एवढीशी वाटली असती. पण वल्लरीने वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. केलं होतं, पनवेलला तीन वर्षं कॉलेजात शिकवलं होतं, आणि गेली दोन वर्षं तिचं काम एकच होतं, नजर ठेवणं. दिशाच्या तोंडात काय आहे, दिशा विहिरीच्या बाजूला गेली का, सुपारीचं सालपट गिळलं का. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी तिच्याकडे तिच्या डोक्यातलं काहीतरी मागितलं होतं.

घरात कोणी पिणारं नव्हतं. सासरे, विश्वंभर, हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. गावात अजून त्यांना मास्तरच म्हणत. वाडीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या बांधून त्यांनी पाहुणे ठेवायला सुरुवात केली, तेव्हाही खोलीत काय प्यायचं ते प्या, ओटीवर नको, हा नियम आधी केला आणि भाडं मग ठरवलं. अशा घरात जिनचं काय सांगायचं? म्हणून वल्लरीने आठ दिवस फक्त सरबत, सरबत एवढंच सांगितलं होतं. बाटली सलिलने आणली. सलिल, तिचा नवरा, न्हावा शेव्याला माल सोडवणाऱ्या कंपनीत होता आणि दर शनिवारी संध्याकाळी घरी यायचा. गेल्या शनिवारी त्याने दोन शर्टांच्या घडीत गुंडाळून बाटली आणली, तिच्या हातात दिली आणि वर म्हणाला की बंदरातून कंटेनर सोडवणं याच्यापेक्षा सोपं आहे.

मंगळवारी दुपारी तिने तीनदा करून बघितलं होतं. चमच्या-चमच्याने चाखून प्रमाण बसवलं, वहीत लिहिलं. उरलेली बाटली पाहुण्यांच्या खोलीतल्या कपाटात, जास्तीच्या चादरींमागे ठेवली. वरचा कप्पा, दिशाचा हात पोचणार नाही.

आता तिने आधी पाला काढायचं ठरवलं. दिशा सव्वादोनला झोपली होती, म्हणजे पावणेचारपर्यंत तरी सवड. गवती चहाची पाती तोडताना बोट कापलं. जांबांच्या झाडाखाली वटवाघळांनी अर्धे खाऊन टाकलेल्या फळांचा सडा पडला होता, चांगले सगळे वर, आणि आकडीची काठी कोणीतरी विहिरीकडे नेऊन ठेवलेली. आठ जांब मिळाले, त्यातले दोन मुंगळ्यांनी पोखरलेले. मरव्याच्या वाफ्याशी सासूबाई, श्यामलाबाई, उकिडव्या बसून पाणी घालत होत्या.

"एवढा कशाला गं ओरबाडतेस?" त्या म्हणाल्या. "देवाला ठेव चार काड्या. तुझी मैत्रीण सरबत पिणार की गजरा माळणार?"

वल्लरी हसली, म्हणजे हसल्यासारखं केलं. फ्रीज उघडू नका हे सांगायचं पुन्हा राहिलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी तिने पाहुण्यांच्या खोलीतलं कपाट उघडलं. चादरी होत्या. चादरींमागे काही नव्हतं.

तिने सगळ्या चादरी खाली काढल्या, झटकल्या, पुन्हा कप्प्यात हात घातला. पलंगाखाली बघितलं. सलिलला फोन लावला. तो वडखळला ट्रकांच्या रांगेत अडकला होता, सहाच्या आत येत नाही म्हणाला, आणि बाटली मी कशाला नेईन, असंही म्हणाला, जरा दुखावल्यासारखं. मग तिच्या मनात झाडलोट करायला येणाऱ्या बाईचं नाव आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. खोलीत तर या आठवड्यात कोणी नव्हतंच.

नव्हतं कसं? बुधवारी पुण्याचं एक जोडपं एका रात्रीपुरतं येऊन गेलं होतं. ती त्या दिवशी दिशाला डोस द्यायला अलिबागला गेली होती, म्हणून तिच्या ध्यानातच नव्हतं. आणि पाहुणे गेले की बाबा, म्हणजे सासरे, खोली बघतात. राहिलेलं सामान कपाटात, खणात, न्हाणीत, सगळीकडे. कोणी चार्जर विसरतं, कोणी चपला. अर्धी राहिलेली बाटली तर जवळजवळ प्रत्येक जण.

आणि त्या बाटल्यांचं या घरात काय होतं, हे वल्लरीला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. श्यामलाबाईंना कुठलीही गोष्ट फेकवत नाही आणि मास्तरांना दारू घरात ठेववत नाही. यावर दोघांनी मिळून तोड काढली होती. बाटलीत भीमसेनी कापूर आणि ओव्याची फुलं विरघळवायची, दोन दिवस उन्हात ठेवायची, की झालं गुडघ्यांचं औषध. अर्ध्या आळीचे गुडघे पाहुण्यांच्या दारूवर चालत होते. लोक रिकाम्या बाटल्या घेऊन यायचे, मास्तर गाळून द्यायचे. हे सगळं माहीत असून तिने बाटली नेली आणि ठेवली ती नेमकी कुठे, तर त्यांच्या शोधायच्या जागेत.

ओटीवरून कापराचा वास आला.

विश्वंभर आरामखुर्चीत बसले होते. धोतर गुडघ्यांवर घेतलेलं, तळहाताने गुडघा चोळणं चाललेलं. खुर्चीच्या हातावर तिची बाटली, अर्ध्याच्या खाली उतरलेली. आणि पायाशी दिशा, झोपेतून उठलेली, केस विस्कटलेले. तिच्या तोंडात बाटलीचं बूच होतं.

वल्लरीने कधी धाव घेतली आणि कधी बोट घालून बूच बाहेर काढलं ते तिचं तिलाच कळलं नाही. तिने दिशाचं तोंड हुंगलं, ओल्या पदराने जीभ पुसली, पुन्हा हुंगलं. लाळेचा वास होता, दुसरा नव्हता. बूच आतून कोरडं होतं. दिशा आता रडायला लागली होती.

"उठली होती," सासरे म्हणाले. "तू कामात दिसलीस, म्हणून हळूच उचलून आणली. बूच आत्ताच घेतलंन गं तिने."

"कापूर लहान मुलांना विष असतो, बाबा. मी किती वेळा सांगितलं. दोन वर्षं सांगतेय." तिचा आवाज चढला नव्हता, चिरकला होता. मग, थांबायचं ठरवत असतानाच, तिने पुढचंही म्हटलं. "आणि ती बाटली माझी होती."

गुडघ्यावरचा हात थांबला.

"तुझी?"

"माझी. सलिलकडून मागवली होती. कोणी विसरलेली नव्हती."

श्यामलाबाई मरव्याच्या काड्या घेऊन पायरीवर आल्या होत्या, तिथेच उभ्या राहिल्या. वल्लरीने एकदाच काय ते सगळं सांगून टाकलं. आश्लेषाचं रेस्टॉरंट, मेनू, पाला, दर आठवड्याची मागणी, चार वाजता ती येणार. दिशा खांद्यावर हुंदके देत होती, त्यामुळे प्रत्येक वाक्य दोनदा म्हणावं लागत होतं, आणि दुसऱ्यांदा म्हटलेलं पहिल्यापेक्षा वाईट वाटत होतं. मास्तर ऐकत राहिले. वर्गात एखादं पोर भलतंच उत्तर देत असताना ऐकत असतील तसे.

"म्हणजे आठ दिवस सरबत सरबत चाललं होतं ते हे होय," श्यामलाबाई म्हणाल्या. "मला म्हणाली असतीस तर निदान बाटली त्या कपाटात ठेवू नको एवढं तरी सांगितलं असतं."

वल्लरीने दिशाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

विश्वंभरांनी धोतर खाली घेतलं, बाटलीला बूच लावलं आणि ती उंच, फोटोंच्या फळीवर ठेवली. मग खिशातून पेन काढलं, कॅलेंडरचं जुनं पान फाडलं.

"नाव सांग त्याचं. नीट सांग, मला यातलं कळत नाही."

"बाबा, तुम्ही कशाला? धर्माजीला फोन करते, तो आणेल."

"चूक माझी आहे. धर्माजी रिक्षा आणेल. दुकानात मी जाईन."

चारला दहा कमी असताना धर्माजीची रिक्षा आली. मास्तरांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, हातात भाजीची कापडी पिशवी. कुठे जायचं ते ऐकून धर्माजीने मागे वळून वल्लरीकडे बघितलं. "वयनी, मास्तरांना ठावं हाय ना दुकान कशाचं हाय ते?" त्याने विचारलं. मास्तर म्हणाले की दुकानावर पाटी असते आणि त्यांना वाचता येतं.

आश्लेषा वेळेवर आली. एरवी कधी आली नसती. वल्लरीने तिला ओटीवर बसवलं, दिशाला मांडीवर घेतलं, मागची खोली दाखवली, वाफे दाखवले, पुन्हा ओटीवर आणलं. सव्वाचार झाले, साडेचार झाले. थर्मासातले खडे हलवल्यावर पूर्वीसारखे वाजत नव्हते. शेवटी तिने जिनशिवायचा पेला पुढे ठेवला.

आश्लेषा प्यायली, छान म्हणाली, पेला खाली ठेवला. "पण हे मी मार्चमध्येच प्यायलेय, वल्लू. मला आज छपाईला द्यायचंय. मी एक जागा मोकळी सोडून ठेवलीय, नाहीतर तिथे काकडीचं काहीतरी टाकते."

"पंधरा मिनिटं."

"पाचला निघते हं मी."

वल्लरीचे कान रस्त्याकडे होते. एक रिक्षा आली ती पुढे गेली. दुसरी नुसतीच मोटारसायकल निघाली. तिला तीनदा केलेलं मोजमाप, वही, कापलेलं बोट, सगळं आठवून इतका राग आला की कोणाचा ते ठरवता येईना. कपाटाचा आला, कापराचा आला, स्वतःचा तर आलाच.

पावणेपाचला धर्माजी दाराशी थांबला. विश्वंभर उतरले, लंगडत आले. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काढून त्यांनी तिच्या हातात दिली. हे नाव पहिल्या दुकानात नव्हतं, म्हणून दुसऱ्यात गेलो, एवढंच म्हणाले. बाकीचं धर्माजीने सांगितलं. गल्ल्यावरचा माणूस मास्तरांचा विद्यार्थी निघाला, गडबडीने उभा राहिला आणि म्हणाला, सर, गुडघ्यांना एवढी महागातली नका लावू.

वल्लरीने दिशाला सासूबाईंकडे दिलं. चार जांबांच्या फोडी ठेचल्या, गवती चहाचा पाक घातला, लिंबू पिळलं, जिन मोजून ओतली, उरलेला सगळा बर्फ, वर सोडा. मरव्याच्या दोन काड्या तळहातावर आपटून पेल्यात खोचल्या.

आश्लेषाने स्वयंपाकघरातच घोट घेतला. दुसरा घेतला. मग एक काडी काढून बशीत ठेवली आणि तिसरा घेतला.

"एकच काडी. दोन घातल्यास तर गजरा प्यायल्यासारखं वाटतं."

मागून श्यामलाबाई हुंकारल्या.

"टाकते मेनूवर," आश्लेषा म्हणाली. "पाला मंगळवारी आणि शुक्रवारी, जांब आहेत तोवर जांब. नाव मात्र आमचा डिझायनर इंग्रजीत काहीतरी ठेवेल, चालेल ना?"

नाव तुझं, असं ती मार्चमध्ये म्हणाली होती. वल्लरीने मान हलवायला सुरुवातही केली होती. सवयच ती. मग ती थांबली.

"नाही चालणार. नाव मरवा. नाहीतर मरवा दुसरीकडून घे."

आश्लेषाने घड्याळ बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि फोनवर काहीतरी टाइप करून स्क्रीन तिच्यासमोर धरली. मरवा, एवढंच होतं. मग ती बोटीसाठी पळाली.

पाच वाजून दहा मिनिटांनी लाईट आली.

वल्लरीने पेले धुतले. दिशाच्या औषधांवर लावायच्या चिकटपट्टीचा एक तुकडा तोडला, त्यावर ठळक लिहिलं, 'वल्लरीची. कामाची. गुडघ्यांना लावू नये.' ती पट्टी बाटलीवर चिकटवली आणि बाटली स्वयंपाकघरात वरच्या उघड्या फळीवर, कोकमाच्या आगळाच्या बरणीशेजारी ठेवून दिली. कापराची बाटली तिने कुलपाच्या कपाटात टाकली आणि किल्ली स्वतःच्या कमरेला लावली.

संध्याकाळी दिवा लावून श्यामलाबाई स्वयंपाकघरात आल्या. त्यांनी बाटलीकडे बघितलं, आगळाची बरणी उचलून हातभर लांब ठेवली, आणि बाटली जरा फिरवली, पट्टीवरचं वाचता येईल अशी.