डाव्या सीटचं वजन

...चारच होता. सहा असता तर उजवीकडची वरची काडी विझलेली असती, आणि ती तर चांगली लालभडक पेटलेली होती – वजनकाट्याच्या त्या तळहाताएवढ्या काळ्या डबीत लाल काड्यांचे आकडे उमटतात, एखादी काडी जळाली की आठाचा सहा होतो, नवाचा पाच, ही लबाडी गजेंद्रला फार वर्षांपासून पाठ. पण सहाचा चार व्हायचा तर नवी काडी पेटावी लागते, आणि जळक्या डबीत नवी काडी कोण पेटवणार... चार. त्याच्या शेजारी सहा. सेहेचाळीस.

कापसाचा हंगाम उघडायला अवकाश होता, देवळीच्या जिनिंग कारखान्याचं आवार रिकामं होतं, म्हणून तर काट्यावरच्या रूपरावानं बैलबंड्या तोलायचा तो लोखंडी काटा सकाळी सकाळी त्याला वापरू दिला. काट्यावर गाडी उभी – हिरवी, दोन सीटांची, बिनछपराची, विलायती, गजेंद्रच्या बापाच्या लग्नाआधीची. हिंगणघाटच्या एका शेडमध्ये सरकीच्या पोत्यांखाली उंदरांनी सांभाळलेली. बियाण्याचं दुकान नोकरावर टाकून तो चार वर्षं तिच्यामागे होता. इंजिन झालं, रंग झाला, पुढच्या दोन स्प्रिंगा तेवढ्या राहिल्या. दमून दबल्या होत्या, गाडी नंदीसारखी पुढचे गुडघे टेकून बसायची. जुन्या गाड्यांचं सामान बाहेरून मागवणारा नागपूरचा योगेंद्र फोनवर म्हणाला होता, कडक पाहिजे का नरम ते ठरवा आणि त्यासाठी बसणाऱ्या दोघांचं वजन सांगा, हलक्या गाडीत माणसांचाच भार मोठा. नरम स्प्रिंग मऊ चालते, पण भार जास्त झाला की पुन्हा बसते. कडक स्प्रिंग घाटातल्या वळणावर गाडीला झुकू देत नाही, पण वर भारच नसला तर दर खड्ड्याला माणूस उडतो, हाडं खिळखिळी होतात. गजेंद्रनं जागच्या जागी सांगून टाकलं होतं, "माहं एक्क्याऐंशी, तुह्या भाभीचं सहासष्ट."

डोळ्यानं. त्याला काटा कशाला लागतो? बापाच्या कापसाच्या अडतीवर वाढलेला माणूस – गाठोडं लांबून बघून वजन सांगायचा, बाजारात बोकडाभोवती एक चक्कर मारून आकडा सांगायचा आणि खाटीक मान डोलवायचे, लग्नात नवरदेव घोड्यावर चढला की घोड्याच्या कानात नवरदेवाचं वजन सांगून यायचा. वडनेरला मुलगी बघायला गेला तेव्हा पोह्याची बशी घेऊन सपना आली, आणि हा शेजारच्या मित्राला हळूच म्हणाला, "बावन्न." तिनं ते ऐकलं. लग्नानंतर कितीतरी दिवसांनी तिनं सांगितलं, त्याच संध्याकाळी ती चक्कीवरच्या काट्यावर उभी राहिली होती. बावन्नच भरलं... "तवाच हो म्हनलं मी, म्हनलं मानूस आपल्याले नीट पाहते."

आज काट्यावर यायची गरज नव्हती. गंमत होती नुसती. गाडी उभी करून काटा शून्यावर आणला, आधी तो बसला, एक्क्याऐंशी. मग तो उतरला आणि सपनाला डाव्या सीटवर बसवलं, रूपराव हसायला तयार उभा, आणि गजेंद्रनं तोंडात वाक्यही तयार ठेवलं होतं – पाह्य रे बावा, काट्याची स्प्रिंगबी गेली... आणि डबीत ते चार नि सहा येऊन बसले.

"काटा छेडला काय गजूभाऊ?" रूपराव म्हणाला.

"म्या नाई छेडला."

"तुमी नाई तर मंग कोन? मागच्या साली त्या सोयाबीनवाल्याच्या मांगं उभं राहून काट्यावर पाय कोनं ठेवला होता?"

सपनाही हसली. "पाय असन त्याइचा कुठी तरी. खालून उचलून राह्यले असतीन."

दोघं त्याच्याकडे बघत होते, आता हा फुटेल, आता हसेल. आणि गजेंद्र खरंच गुडघ्यावर बसला, काट्याच्या कडेखाली वाकून बघू लागला, कारण गंमत करायची असती तर त्यानं तिथंच लाकडाचा ठोकळा सरकवला असता, त्या कोपऱ्यात, जिथं कुणाचं लक्ष जात नाही. कोणीतरी सरकवलेला असावा. कोणीही असो, त्याला चहा पाजू, पाया पडू... खाली नुसती माती होती, आणि मुंग्यांची एक रांग, कुठल्याच गंमतीत सामील नसलेली.

तिला उतरवून तो पुन्हा बसला. एक्क्याऐंशी. मग गोदामाच्या दाराशी पडलेली गुरांच्या ढेपीची पन्नास किलोची गोणी रूपरावाला न विचारता स्वतःच ओढत आणली, आणि डाव्या सीटवर, जिथं आत्ता सपना बसली होती तिथं, ठेवली. पन्नास भरली. चोख. गोणी सीटवर ऐसपैस बसली होती, तिचा भार सीटमध्ये रुतला होता, आणि सपना बाजूला उभी राहून पदरानं मानेचा घाम टिपत होती... तिच्यापेक्षा गोणी भारी. ढेपीची गोणी.

"सीट खराब होईन ना," ती म्हणाली. "उचला ते."

"भाभी, वाळल्या वो तुमी," रूपराव म्हणाला, आणि त्याच्या आवाजात आता गंमत नव्हती.

"वय झालं भाऊ."

गोणी त्यानं परत दाराशी नेली, वाटेत दोनदा टेकवली. वजनानं नाही, पन्नास किलो काही वजन आहे का.

घराकडचा रस्ता तोच. सपना शेजारी. एरवी या रस्त्याचे सगळे खड्डे त्याला नावानिशी माहीत होते, आणि त्यातला मोठा खड्डा तो मुद्दाम घ्यायचा – नाक जमिनीला ठक्क, सपनाची किंकाळी, आणि ह्याचं ठरलेलं वाक्य, "तू बसते म्हनून गाडी टेकते." सगळ्या देवळीत सांगितलं होतं त्यानं, ह्या स्प्रिंगा हिनंच दाबल्या. चहाच्या टपरीवर, मंगल कार्यालयात, तिच्या माहेरच्या लोकांसमोर. ती तोंडावर पदर घेऊन हसायची. ठक्क तर अजूनही होतं गाडी टेकली की... म्हणजे इतके दिवस गाडी टेकत होती ती कुणाच्या वजनानं?

अंगठी. तिच्या अंगठीला आतून दोरा गुंडाळलेला होता, ढिली झाली म्हणून. तो दोरा त्यानं पाहिला होता आणि म्हणाला होता, पतंग उडवते काय. पाहिला होता. ब्लाऊजला आतून मारलेली नवी शिवण, तीही पाहिली होती, दोरीवर वाळत असताना. तिच्या ताटातली अर्धी भाकर रोज उरायची आणि रोज ती ह्याच्या ताटात यायची, आणि हा गाडीच्या कार्ब्युरेटरबद्दल बोलत बोलत ती खायचा. तिची भाकर. किती भाकरी खाल्ल्या असतील त्यानं अशा, आणि एक्क्याऐंशी झाला... मी पाहत होतो. डोळे उघडे होते माझे, मी रोज पाहत होतो, आणि प्रत्येक वेळी एक गंमत सुचली नि मी ती बोलून मोकळा झालो. बोकडाभोवती निदान चक्कर तरी मारत होतो.

"काऊन असे चालवून राह्यले?" सपना म्हणाली. "कासवावानी."

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की तो एकेक खड्डा चुकवत चालला होता, रस्ता सोडून कडेच्या मुरमातूनसुद्धा.

"जेवत नाई काय तू?"

"जेवते ना."

"किती?"

"जाते तेवढं. लवकर भरते पोट."

"कवापासून?"

काचेपलीकडून सोयाबीनची दोन्हीकडची शेतं संथ सरकत होती, पिवळी पडत चाललेली.

"तुमीच तर म्हनत होते ना, वजन उतरव म्हनून," ती म्हणाली. हसून म्हणाली. ते हसू त्याच्या ओळखीचं होतं, त्यानं स्वतः कित्येकदा वापरलेलं – आपण काहीतरी लपवलंय आणि समोरच्यानं आणखी विचारू नये, यासाठी माणूस पुढे करतो ते. सगळ्या तालुक्याला त्यानं त्या हसण्यानं फसवलं होतं. त्याच्यावर कोणी ते कधी वापरलं नव्हतं.

मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "आचलले सांगू नका."

आचल, पुण्याला नोकरीला असलेली त्यांची मुलगी, रोज आईशी फोनवर बोलते. काय सांगू नका? अरे, काय सांगायचं नाही? सांगायला त्याच्याजवळ होतंच काय, दोन लाल आकडे... आणि सांगू नका म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे, ते हिला माहीत आहे, आणि ते किती दिवसांपासून माहीत आहे, एकटीला, त्याच घरात, जिथं तो रात्री जेवून ताटावरून उठताना गाडीच्या गोष्टी...

फोन वाजला. त्यानं निंबाच्या झाडाखाली गाडी थांबवली. योगेंद्र.

"भाऊ, आज ऑर्डर लावून राह्यलो. कडक का नरम, सांगा लवकर. भाभीचं सहासष्टच धरू ना?"

गजेंद्रनं तोंड उघडलं. सहासष्ट म्हटलं तर कडक येणार, आणि ह्या अंगाला, ह्या आत्ताच्या अंगाला, ती दर खड्ड्याला उचलून आपटणार. सेहेचाळीस म्हटलं तर नरम येणार, आणि मग ते ठरलं – मग गाडीनंसुद्धा मान्य केलं, लोखंडानं मान्य केलं, की डाव्या सीटवर आता एवढंच बसणार, याहून जास्त कधी नाही. पुन्हा भरली तर? भरेल की. का नाही भरणार, माणूस भरतं की पुन्हा... की याहूनही... त्याच्याच्यानं पुढचा आकडा धरवेना. डोळ्यानं माणूस तोलणाऱ्याच्या डोक्यात एक आकडा थांबेना.

"हॅलो? भाऊ? आवाज येऊन राह्यला काय?"

सपनानं त्याच्या हातातून फोन घेतला. बांगड्या मनगटावरून कोपराकडे घरंगळल्या, तिनं सवयीनं दुसऱ्या हातानं त्या सारख्या केल्या.

"योगेंद्रभाऊ, मी बोलून राह्यली. कडकच पाठवा. चिखलदऱ्याले जायचं हाय आमाले, घाटात गाडी झुकाले नाई पायजे."

"कडक गाडी लागते हो भाभी, अंगाले. पाहा मंग."

"लागू द्या," ती म्हणाली. "पन लवकर पाठवा. दिवाळीच्या पयले बसल्या पायजे."

चार वर्षं तो चिखलदऱ्याचं नाव काढत होता आणि चार वर्षं तीच म्हणत होती, जाऊ ना, दिवाळी होऊ द्या, तिळसंक्रांत होऊ द्या, आचलच्या नोकरीचं होऊ द्या, घाई कायची हाय.

तिनं फोन बंद करून त्याच्या मांडीवर ठेवला. अगदी हलकेच ठेवला. "चला," म्हणाली.

त्यानं चावी फिरवली नाही. दिवाळीच्या आधी. दिवाळीच्या आधी का, एवढंच विचारायचं होतं, तीन शब्द, मराठीतले, रोजचे. आणि इतकी वर्षं कुणालाही काहीही बोलणारं त्याचं तोंड ते तीन शब्द घेऊन गप्प बसलं होतं, कारण विचारलं तर ती सांगेल, हे त्याला पहिल्यांदाच दिसत होतं – हसून टाळणार नाही, सांगेल. ती वाट बघत होती. हात मांडीवर ठेवून, समोर रस्त्याकडे बघत, त्यानं गाडी सुरू करण्याची किंवा ते विचारण्याची, कशाचीही.