वर एक दात

"चेन पडली," सरुबाई फोनवर म्हणाली आणि झुंबरने सातपूरच्या कारखान्यात हातातली कानस खाली ठेवली. दुसरा एखादा नवरा म्हणाला असता, मग बसव की. झुंबर मात्र उद्या रविवारच आहे ना, एवढी खात्री करून घ्यायचा. पिंपळगावची एसटी आपलं तोंड पाहिल्याशिवाय स्टँडातून हलत नाही, असं तो छातीठोकपणे सांगे.

सात वर्षांपूर्वी सरुबाईची भावजय गेली. तिच्या दोन पोरांसाठी सरुबाई महिनाभर म्हणून माहेरी, पिंपळगावला गेली. पोरं मोठी झाली, महिना काही संपला नाही. तिला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये काम लागलं. जायला-यायला सायकल होती. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. इथे भांडणच नव्हतं.

उरली ती चेन. झुंबर तीस वर्षं सायकलची चेनव्हीलं, म्हणजे पेडलपाशी चेन ओढणारी दातेरी चाकं, बनवत होता. त्याने पाडलेल्या दातांना चेन नुसती दाखवली तरी ती आपसूक जाऊन बसते, अशी कारखान्यात वदंता होती, आणि ती त्यानेच उठवली होती. असल्या माणसाला बायकोची चेन नीट बसवता येऊ नये? मागचं चाक अर्धं बोट ओढलं की झालं. तो पाव बोट ओढायचा. तीन आठवडे पुरायचं. मग फोन, मग रविवार, मग चहा, आणि तिचं पायरीवर बसून नुसतं बघणं.

त्या रविवारी मात्र तिच्या कोपराला पट्टी होती. हायवेवर चेन पडली, पेडल रिकामं फिरलं आणि मागून आलेला टेम्पो घासून गेला. तिने हे हसतच सांगितलं.

"लय काय झालं नाय. तुम्ही नका तोंड पाडू एवढं."

झुंबरने चाक पुरतं ओढलं. पण दात झिजून आकड्यासारखे वाकले होते. ओढून भागणार नव्हतं.

सोमवारी तो डिझाइनच्या मृण्मयी मॅडमकडे गेला. शर्यतीच्या सायकलींसाठी त्यांनी नव्या तऱ्हेचं चेनव्हील आखलं होतं. एक दात जाड, एक बारीक. चेनमध्येही एक कडी रुंद, एक अरुंद असते. जाड दात रुंद कडीत गच्च बसतो, चेन उडत नाही. त्यांनी सरुबाईच्या सायकलच्या मापाने चव्वेचाळीस दातांचं ड्रॉइंग काढून दिलं. झुंबरने पोलादी पत्र्याची चकती कापली, आणि दात पाडताना हळूच एक वाढवला. बायकोला द्यायची वस्तू. आहेर एकावन्नचा करतात, एकशे एकचा करतात. वर एक हवाच. चकती लालभडक तापवून तेलात बुडवली, घासूनपुसून टेबलावर लावली, चेन चढवून फिरवली. पहिला फेरा पुरा होताच चेन दातांवर चढून अडकली.

मृण्मयीने दात दोनदा मोजले. "काका, पंचेचाळीस? अहो, दोन जाड दात शेजारी आले ना. इथे जोडीच लागते."

"शकुनाचा होता एक," झुंबर म्हणाला.

"चेनला शकुन कळत नाही, काका."

दुसरं चेनव्हील दोन दिवसांचं काम होतं. त्याने अकरा लावले. हे बसलं की चेन पडणार नाही, आणि चेन पडली नाही तर फोन कशाला यावा? पण दर वेळी कानस हातात घेतली की तिच्या कोपराची पट्टी आठवायची.

त्यानंतरच्या रविवारी त्याने ते बसवलं. सरुबाईने अंगणात दोन चकरा मारल्या.

"आवाजच नाय येत हिचा," ती म्हणाली. "आता तुम्हाला हेलपाटे नाय."

हेलपाटे कसले, असं त्याला म्हणायचं होतं. तो म्हणाला, "टायरात हवा भरून घे."

आठ रविवार फोन आला नाही. नवव्या रविवारी तो पान्यांची पिशवी न घेताच पिंपळगावला उतरला. भेटायला आलोय असं दिसू नये म्हणून नाक्यावरच्या टपरीत रस्त्याकडे पाठ करून बसला. सरुबाई बाजाराला इथूनच जायची, आणि पूर्वी तिची सायकल वळणाच्या अलीकडेच खडखडत कळायची. त्याने कान लावले. दोन चहा झाले.

"तुमची मंडळी आत्ताच गेली की," टपरीवाला म्हणाला. "तुमच्या पाठीमागून."

झुंबर वळला. लांबवर तिची पाठ दिसत होती, पाय संथ फिरत होते. त्याने पुन्हा कान दिला. काहीच ऐकू आलं नाही. काम चोख झालं होतं.